विचारून आणलेले दगड

बाई दगड चाटत असत.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या शाळेत त्यांच्याबद्दल प्रत्येकाला पहिलं हेच सांगितलं जायचं. जामसंड्याच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले त्या दिवशी शिपायाने मला स्टाफरूम दाखवली, पाण्याचा माठ दाखवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाला, "ती भूगोलाच्या बाईंची जागा. टेबलावरचे दगड हलवू नकात. आणि बाईंनी दगड चाटल्यानी तर हसा नकात." मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चालली आहे. मधल्या सुट्टीत बाई आल्या. डबा उघडण्याआधी त्यांनी खणातून एक करडा दगड काढला, त्याची एक बाजू जिभेने ओली केली, उजेडात धरली आणि मला म्हणाल्या, "बघ गो, दिसता काय? ओलो केल्याशिवाय रेघो दिसणत नाय."

दगडावर शिंपीच्या पाठीवर असतात तशा बारीक रेघा होत्या. मी हसले नाही. पण त्यांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा मी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, आणि ते त्यांनी बघितलं. "थुकी माझी हा, विषारी नाय," असं म्हणून त्यांनी डबा उघडला.

बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या कुटुंबाबरोबर राहत. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की खालच्या मैदानावर खेळणारी मुलं वरच्या वर्गातला तास ऐकून शिकत. वर्गात आणि मुख्याध्यापकांसमोर शुद्ध मराठी, बाकी सगळीकडे मालवणी. रागावल्या की मात्र वर्गातही मालवणी, त्यामुळे मुलांना हवामान आधी कळायचं.

त्यांचा एक नियम होता. स्वतः पाहिलं नाही ते आपल्या नावावर शिकवायचं नाही. भूगोलाच्या शिक्षकाला हा नियम परवडणारा नव्हे. भरती-ओहोटी, खाडी, पुळण, जांभा दगड हे सगळं त्या मुलांना घेऊन जाऊन, हात लावून शिकवत. पण हिमनदीचा धडा आला की फळ्यावर नाव लिहीत आणि सांगत, "हे मी पाहिलेलं नाही. पुस्तकात आहे ते आपण वाचू. पुस्तकावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं आणि ते भडकले. बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, "साहेब, आपण पाहिलीय का हिमनदी? पाहिली असेल तर हा तास आपण घ्या, मी मागच्या बाकावर बसते." साहेबांनी चहा मागवला.

जीवाश्मांचं वेड याच नियमातून लागलं. दगडात सापडणाऱ्या प्राण्यांचा धडा चालला असताना एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय?" बाई म्हणाल्या, "नाही." आणि ते त्यांना लागलं. आमच्या भागात ते बघायला मिळणंही शक्य नव्हतं. जांभ्यात जीवाश्म शोधायचा म्हणजे बोडक्याच्या डोक्यात फणी फिरवायची. मग कुठल्याशा पुस्तकात त्यांना सापडलं की कच्छच्या वाळवंटातले डोंगर हे एके काळी समुद्राचा तळ होते आणि तिथे शिंपल्या, शंख, कालवं दगड होऊन पडली आहेत. त्या दिवाळीच्या सुट्टीत बाई एकट्या कणकवलीला गाडीत बसल्या आणि भूजला जाऊन उतरल्या. पुढे दर दिवाळीला जातच राहिल्या. घरी भावजय फराळ करायची आणि बाई करंज्यांचा डबा घेऊन वाळवंटात जायच्या.

मी त्यांच्याबरोबर चार वेळा गेले. पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं, "येतंस?" मी म्हटलं, विचार करते. त्या म्हणाल्या, "कर." आणि पुन्हा विषय काढला नाही. शिरोड्याला आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "दिवाळी टाकून दगड येचूक जातंस? तुका नोकरेक लावलानी काय खुळ्यांच्या शाळेत?" तेवढ्यावरून मी गेले. मला कुणी जाऊ नको म्हटलं की माझे पाय आपोआप चालू लागतात.

कच्छचे डोंगर पाहून माझी पहिल्यांदा निराशाच झाली. आंबोलीचा घाट पाहिलेल्या माणसाला ते डोंगर वाटतच नाहीत. बुटके, उघडे, पिवळे-करडे, एकामागे एक पसरलेले. मध्ये कोरड्या नद्या आणि काटेरी बाभळी. पाण्याचा थेंब नाही. बाई म्हणाल्या, "आंबोलीचो डोंगर कपडे घालून बसलेलो आसा. त्येच्या आंगार काय आसा ता कोणाक दिसता? ह्यो बिचारो उघडो. ह्येच्या बरगडे मोजून घे." आणि खरंच, त्या डोंगरांच्या कडांवर दगडांचे थर बरगड्यांसारखे दिसत होते. पायाखाली बघितलं तर मी शिंपल्यांवर उभी होते.

बाईंची ओळखण्याची रीत स्वयंपाकघरातली होती. लॅटिन नावं त्यांना येत नसत असं नाही, पण त्या आधी दगडाला विचारायच्या, तू शिजवायचा कसा? ज्याचं तोंड उकळत्या पाण्यात आपोआप उघडलं असतं त्या तिसऱ्या. जे दगडावरून फोडून काढावं लागलं असतं ते कालव. जे टाचणीने ओढून काढले असते ते खुबे. शिंपीचं कवच गळून आत फक्त दगड झालेला चिखल उरला असेल तर त्याला त्या "मातयेची" म्हणायच्या. तिसऱ्यांच्या कालवणात अशी एक चिखल भरलेली शिंपी गेली की सगळं सार वाया जातं, ते आमच्याकडे प्रत्येक बाईला माहीत असतं. सगळा माल त्या आंब्याच्या लाकडी पेटीत, गवतात, हापूस भरतात तसा भरून आणत. एकदा परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी पेटी बघून हात चोळत विचारलं, "कार्तिकात हापूस?" बाईंनी पेटी उघडून त्यांना एक कालव दिलं. म्हणाल्या, "ह्या जरा पिकूक ठेवा."

कोल्हापूरहून एक प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले होते. त्यांनी त्या पेट्या पाहिल्या आणि बाईंनी खाण्याच्या पद्धतीवरून केलेली वाटणी एक पेटी सोडली तर बरोबर असल्याचं सांगितलं. वर विचारलं, हातोडी कुठली वापरता? बाईंकडे हातोडी नव्हतीच. पडलं-झडलेलं तेवढंच उचलायचं, डोंगराला इजा करायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. प्राध्यापक हसले. बाईही हसल्या, पण चुकलेली पेटी कुठली ते त्यांना जेवायला बसेपर्यंत विचारत राहिल्या.

या सगळ्यात त्यांना एक गोष्ट कधी सापडली नव्हती. शिंगासारखी गोल वळलेली, अंगावर कंगोरे असलेली, समुद्रातल्या जिवांची जी दगडी चक्रं असतात, पुस्तकातले अमोनाइट, त्यांना बाई चकल्या म्हणत. चकलीचे तुकडे त्यांच्याकडे ढीगभर होते. एक तुकडा टेबलावर असायचा. त्याला आमचा शिपाई शाळिग्राम समजून रोज सकाळी नमस्कार करी आणि सणासुदीला कुंकू लावी. बाई म्हणत, "लावूक देत. तो माझ्यापेक्षा म्हातारो आसा, मान होयोच." पण सबंध, मधल्या वळशापासून तोंडापर्यंत न मोडलेली चकली बाईंना स्वतःला एकदाही मिळाली नाही. मला दोन मिळाल्या. कच्छमधल्या आमच्या जीपच्या ड्रायव्हरांना चाक बदलताना मिळाली. त्यांनी ती बाईंपुढे धरली तर बाई म्हणाल्या, "भावजी, वो आपको दिखी, आपकी है. घर में रखो." मीही माझी देऊ केली होती. नको म्हणाल्या. संग्रहालयात काचेआड त्यांनी पाहिल्या होत्या, पण काचेआडचं पाहणं त्या पाहण्यात धरत नसत. वर्गात तुकडा दाखवून सांगत, "हा तुकडा आहे. सबंध मला अजून मिळालेली नाही. मिळाली की दाखवीन." अशा किती वर्गांना सांगितलं असेल. मुलं मोठी होऊन बाजारात भेटली की विचारत, "बाई, गावली काय चकली?"

आणि मग डोळे गेले. एकदम नव्हे. आधी त्या फळ्याच्या कडेवर लिहू लागल्या, मग जिन्याच्या शेवटच्या पायरीला अडखळू लागल्या. तपासणीला मी बरोबर गेले होते. काचबिंदू, फार उशीर झालेला. डॉक्टर म्हणाले, बाजूचं गेलं आहे ते परत येणार नाही, मधलं जेवढं उरलंय तेवढं थेंब घालून राखायचं, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "नळयेतसून बघल्यासारख्या दिसता गो. पण नळयेतसून चकली दिसतली. चकली काय डोंगराएवढी नसता." निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. ती दिवाळी शेवटची, हे आम्हां दोघींनाही न बोलता कळलं.

त्या शेवटच्या फेरीकडे जाण्याआधी गाऱ्हाण्याचं सांगायला हवं.

आमच्याकडे कुठल्याही जागेला राखणदार असतो. तिथलं काही घ्यायचं तर त्याला सांगून घ्यायचं. देवळात गाऱ्हाणं घालतात, देवापुढे सगळं मांडतात, आणि जमलेली माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. पण गाऱ्हाणं घालतात ते गावकर, मानकरी, पुरुष. बायका मागे उभ्या राहून ऐकतात. बाईंचे वडील गावात गाऱ्हाणं घालीत. त्यांच्यानंतर भावाकडे आलं, पण त्याची जीभ दुसऱ्या वाक्याला अडायची. बाईंना लहानपणापासून शब्दन्शब्द पाठ, आणि त्यांना ते एकदाही म्हणायला मिळालं नव्हतं.

ते बाई वाळवंटात म्हणत. सकाळी डोंगराच्या पायथ्याशी जीप थांबली की चपला काढायच्या, पदर खोचायचा, नारळ ठेवायचा आणि त्या मोकळ्या रानात खणखणीत आवाज लावायचा. "बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराच्या राखणदारा! तुझा नाव आमका म्हायत नाय, तुझी भाषा आमका येणा नाय, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लांबच्या दर्याकडची लेकरां तुझ्या दारात इली हत. खणूक नाय, फोडूक नाय, पडला-झडलेला उचलूक इली हत. त्येंच्या पायाक काटो लागान देव नको, त्येंच्या वाटेक इच्चू-किरडू येवन देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे आमचे ड्रायव्हर. कच्छी मुसलमान, साठीचे, वाटेतल्या प्रत्येक दर्ग्यापाशी आणि प्रत्येक देवळीपाशी हॉर्न वाजवणारे. पहिल्या वर्षी बाईंनी त्यांना या प्रकाराचा अर्थ समजावला तर म्हणाले, "पूछ के लेना? ये तो हमारे यहाँ भी है, बेन." तेव्हापासून त्यांचं "व्हय म्हाराजा" माझ्यापेक्षा जोरात असायचं.

मला सुरुवातीला लाज वाटायची. मी विज्ञानाची. मी पुटपुटायची. बाई गाऱ्हाणं थांबवून म्हणत, "मोठ्यान म्हण. राखणदाराच्या कानात काय तुझो मोबाईल आसा?"

गाऱ्हाणं सकाळी, कौल निघताना. दिवसभरात वेचलेलं सगळं फडक्यावर मांडायचं, एक हातभर उंचीचा दगड उभा करायचा आणि त्याच्यासमोर पूर्वेकडे तोंड करून बसायचं. घरून आणलेल्या तांदळातले दोन दाणे पाण्यात बुडवून दगडाच्या उजव्या कुशीला एक, डाव्या कुशीला एक चिकटवायचा. मग विचारायचं, "नेव काय?" उजवा दाणा आधी पडला तर न्या. डावा पडला तर सगळं होतं तिथे परत ठेवा.

आता मी विज्ञानाची असले तरी माणूस आहे. पहिले दोन-तीन दिवस माझाही जीव त्या दाण्यांत अडकायचा. कौल दर वेळी उजवा पडायचा. चौथ्या दिवशी माझं डोकं ताळ्यावर आलं. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो. पूर्वेकडे तोंड करून बसलं की दक्षिण उजव्या हाताला. दगडाची उजवी कूस उन्हात, डावी सावलीत. उन्हातला दाणा आधी वाळणार आणि आधी पडणार. डोंगर बिचारा कधी नाही म्हणूच शकत नव्हता!

मला हा शोध लागल्याचा इतका आनंद झाला की तो सांगण्यासाठी मी तोंड उघडलंही होतं. पण बाई हात जोडून बसल्या होत्या आणि दाणा पडल्यावर लहान मुलीसारख्या खुलल्या. मी गप्प बसले. मनात म्हटलं, राहू दे, म्हातारीचं समाधान. पुढची तीन वर्षं मी हे गुपित मोठ्या मनाने सांभाळलं. स्वतःच्या समजूतदारपणाचं मला भारी कौतुक होतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, आणि उंटांच्या मुलुखात होते म्हणून खपून गेले.

शेवटच्या फेरीत आठ दिवस होते. बाई आता उभ्याने शोधत नसत. दिसायचं ते वाटीएवढ्या गोलात, म्हणून त्या ओणव्या होऊन, हाताने चाचपत उतार चढायच्या. तळवे सोलवटले. मी म्हटलं, हातमोजे घाला. म्हणाल्या, "मग डोळे खंयसून आणू?" सात दिवसांत कालवं मिळाली, खुबे मिळाले, चकलीचे तुकडे मिळाले. सबंध नाही. सातव्या दिवशी परत येताना जीपमध्ये त्या काहीच बोलल्या नाहीत. बाई गप्प बसलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

आठव्या दिवशी सकाळी बाई डोंगराच्या एका अंगाला होत्या, मी दुसऱ्या. एका घळीच्या तोंडाशी मला ती दिसली. तळहाताएवढी, पिवळसर, मधल्या वळशापासून तोंडापर्यंत एक कंगोरा मोडलेला नाही. मी आजूबाजूला बघितलं. ड्रायव्हर जीपच्या सावलीत पडले होते. मी ती उचलली, खांद्यावरच्या पिशवीत टाकली, आणि बाईंच्या बाजूला गेले. त्यांच्या पुढच्या उतारावर, त्यांचे हात तासा-दोन तासांत पोचतील अशा जागी ती ठेवायची, असं ठरवलं होतं. पण बाई मध्येच जेवायला थांबल्या, मग जरा पाठ टेकली, आणि ती चकली दुपारी दोनपर्यंत माझ्या पिशवीतच राहिली.

जेवणानंतर मी ती ठेवली. जरा तिरकी, अर्धी मातीत दाबून. मग लांब जाऊन उगाच दगड चाळत बसले. मला वाटत होतं की मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करते आहे.

बाई ओणव्या सरकत आल्या. डावा हात पुढे, मग उजवा. उजवा हात चकलीवर पडला आणि थांबला. त्या तशाच खाली बसल्या. बोट बाहेरच्या वळशावरून आत, आत, मधल्या टिंबापर्यंत गेलं आणि परत बाहेर आलं. कुठे अडलं नाही. त्यांनी मला हाक मारली नाही. तोंड उघडं होतं आणि सगळा चेहरा हसत होता. तो चेहरा मी विसरू शकत नाही, आणि पुढे जे झालं त्यामुळे तो आठवला की मला अजून लाज वाटते.

मग सवयीप्रमाणे कंगोरे नीट दिसावेत म्हणून त्यांनी ती चाटली.

चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा एकदा जीभ लावली. नाकाशी नेली. मग जिथून उचलली त्या मातीत बोट फिरवलं. बरीच वर्षं एका जागी बसलेल्या दगडाला खाली घट्ट खळगा असतो, बाई त्याला दगडाचं घर म्हणत. तिथे घर नव्हतं, नुसती मी उकरलेली भुसभुशीत माती होती. आणि मला त्या क्षणी पिशवीतला दुसरा ऐवज आठवला. मालवणी खाजं. आल्याचा पाक चढवलेलं, आईने प्रवासाला बांधून दिलेलं पुडकं, सकाळपासून त्याच पिशवीत, त्याच उन्हात. पाक वितळून पिशवीच्या तळाशी उतरला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या जिवाला मी गूळ-आलं लावून बाईंपुढे वाढलं होतं.

"भावजी," बाईंनी हाक मारली, "कौल लगाना है."

ड्रायव्हर आले, चकली बघून नाचायचेच बाकी राहिले. "मिल गया, बेन! पूरा पीस!" बाईंनी ती फडक्यावर एकटीच ठेवली. दगड उभा केला. तांदूळ काढले. आणि मग दगडाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि पश्चिमेकडे तोंड करून बसल्या.

मला कळायला क्षणभर लागला. ऊन आता त्यांच्या डाव्या हाताला होतं.

दोन दाणे चिकटवून त्यांनी विचारलं, "नेव काय?" आम्ही तिघं बसून राहिलो. डाव्या कुशीचा दाणा वाळला आणि पडला. बाईंनी हात जोडले, चकली उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नको म्हणता. जयसून आणलंस थंय ठेवन ये." ड्रायव्हर हळहळले, पण कौल म्हटल्यावर त्यांनी फडक्याची घडी घातली. मी डोंगराला वळसा घालून त्या घळीपर्यंत गेले आणि ती ठेवून आले. जाता-येता रडत होते.

परत आले तर बाई पुन्हा ओणव्या होऊन शोधायला लागल्या होत्या. सूर्य मावळेपर्यंत शोधत राहिल्या. मिळाली नाही.

भूजच्या वाटेवर, संधिप्रकाश होता तोवरच, मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्हांला पहिल्यापासून ठाऊक होतं? उन्हाचं?"

"भूगोल कोण शिकवता गो, तू काय मी?" बाई म्हणाल्या. "कार्तिकात सूर्य खंय आसता ता पाचवीतल्या पोरांका मी शिकवतंय. आणि तुका वाटला, माका म्हायत नाय?"

तीन वर्षांचा माझा समजूतदारपणा त्या जीपमधून खाली पडला. मी म्हटलं, "मग उत्तर ठरलेलंच होतं तर विचारायचं कशाला?"

"घराकडसून निघताना आयेक सांगतंस मां, 'येतंय गो' म्हणान? ती काय 'जाव नको' म्हणतली? तरी सांगतंस मां?" त्या बाहेर बघत होत्या. त्यांना बाहेरचं किती दिसत होतं ते मला माहीत नाही. "इचारूक होया. उत्तर म्हायत आसला तरी होया. इचारल्याबिगर घेतला तर ती चोरी. आणि इचारल्याबिगर दिला तरी ती चोरीच. माझी चकली माका सोधूची होती. ता सोधना तू घेतलंस."

मी म्हटलं, "चुकले बाई. मला वाटलं, तुम्हांला आनंद होईल."

"झालो मां," बाई म्हणाल्या. "एवढोसो झालो. खोटा कित्याक सांगू?" आणि थोड्या वेळाने, "खाजा उरला आसा काय त्या पिशवेत? दी. भूक लागली."

त्यानंतर बाई कच्छला गेल्या नाहीत. मार्चमध्ये त्यांचा शेवटचा तास होता तेव्हा मी मुद्दाम शेजारच्या वर्गात होते, आणि त्यांचा आवाज भिंतीतून सहज येत होता. त्यांनी मुलांना तुकडा दाखवला. म्हणाल्या, "हा तुकडा आहे. सबंध मला मिळाली नाही. आता माझ्याच्याने होणार नाही, तेव्हा हा धडा माझा अर्धा राहिला. उरलेला तुम्ही पाहा." हातात धरलेली, बोटांनी आतपर्यंत वाचलेली चकली त्यांनी मोजली नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती.

आता बाईंना जवळजवळ दिसत नाही. मी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाते, आम्ही खाडीपर्यंत फिरून येतो. वाटेत कातळात कोरलेल्या अकरा पायऱ्या आहेत, ओल्या आणि घसरड्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

"धरू काय बाई?" मी विचारलं.

बाई थांबल्या. पायाने पायरी चाचपली, वाऱ्याकडे तोंड केलं, बराच वेळ घेतला. त्या नको म्हणाल्या असत्या तर मी मागून नुसती चालत राहिले असते, आणि त्या पडल्या असत्या तर पडू दिलं असतं की नाही ते मला सांगता येत नाही.

"धर," त्या म्हणाल्या.

दर आठवड्याला मी विचारते. कधी धर म्हणतात, कधी नको.